पासंगाची टाकी

लोखंडाची टाकी पाण्यात बुडवायला फारशी अक्कल लागत नाही, असं मला पाणबुडी बांधेपर्यंत वाटत होतं. माझ्या हातून एरवी वस्तू आपसूक बुडतात. किल्ल्या बुडाल्या आहेत, दोन चष्मे बुडाले आहेत, एकदा भरल्या बादलीत ऑफिसचा मोबाइलही बुडाला आहे. पण मुद्दाम बुडवायला जा, तेच लोखंड हट्टाला पेटतं. आणि एकदा बुडालं की वर यायचं नाव काढत नाही. या दोन्हींच्या मध्ये एक जागा असते. तिथे वस्तू धड तरंगत नाही, धड बुडत नाही, सोडाल तिथे गुमान थांबते. ती जागा सापडली की पाणबुडी झाली. बाकी सगळं वेल्डिंग आहे.

पाणबुडीच का, असं मला पुष्कळांनी विचारलं. आमच्या इमारतीत एक गृहस्थ गच्चीवर भोपळे लावतात, त्यांना कुणी काही विचारत नाही. मी विमा कंपनीत दिवसभर दुसऱ्यांच्या अपघातांचे कागद तपासतो. बंद पडलेल्या डेअरीची एक जाड पोलादी टाकी भंगारात दिसली, आडवी होती म्हणून आत जाऊन बसलो, आणि आत बसल्यावर मला फार शांत वाटलं. आता हे कारण चारचौघांत सांगता येत नाही, म्हणून मी लोकांना शास्त्रीय कुतूहल असं सांगत असे.

पण ती बांधून पुरी करायचीच, या हट्टाचं कारण मात्र वेगळं होतं. ते कारण आमच्याच घरात, आतल्या खोलीत राहत होतं.

माझे सासरे वजनमापे खात्यात निरीक्षक होते. जन्मभर त्यांनी दुकानदारांचे काटे तपासले, खोटी मापं जप्त केली आणि खऱ्या मापांवर हातोडीने सरकारी शिक्का ठोकला. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले, ते येताना एक सपाट काटा आणि ती हातोडी घेऊन आले. हातोडी त्यांच्या पलंगाच्या वर खिळ्याला टांगलेली असते. तिला हात लावायची घरात कुणाची छाती नाही. तसाच त्यांचा तपकिरी मफलर, तो बारा महिने त्यांच्या गळ्यात असतो. माणसाच्या शब्दावर त्यांचा विश्वास नाही. मी किलोभर टोमॅटो आणले म्हणालो की ते पिशवी माझ्या हातातून घेऊन काट्यावर ठेवतात, आणि टोमॅटो दर वेळी थोडे कमी भरतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझं एकही वाक्य त्यांनी न तोलता आत घेतलेलं नाही. त्यांच्या लेखी मी कुणाच्याच पासंगाला पुरत नव्हतो. म्हणून एकदा तरी असं काहीतरी करून दाखवायचं होतं, की ते बघून म्हणतील, ठीक आहे. शाबासकीची अपेक्षा नव्हती. ठीक एवढं पुरलं असतं.

टाकी आमच्या गाडीच्या जागेत आली आणि गाडी रस्त्यावर गेली. त्याबरोबर कमांडर खाली आले. कमांडर म्हणजे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. समुद्राशी त्यांचा संबंध कॅलेंडरवरच्या चित्रापुरता, पण डोक्यावर पांढरी टोपी आणि गळ्यात शिटी असल्यामुळे हे नाव पडलं, आणि त्यांनाही ते आवडतं. पार्किंगच्या जागेत वाहनच उभं करता येतं, असं त्यांनी मला नियम काढून दाखवलं. मी म्हटलं, हे वाहनच आहे. मग चाकं कुठे आहेत, असं त्यांनी विचारलं. मी भंगारातून चार चाकं आणून टाकीखाली बसवली. तेव्हापासून कमांडर या प्रकल्पाचे सल्लागार झाले. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकीला पडदा हवाच असं सुचवलं. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर येता-जाता वेल्डिंगच्या भेगांमध्ये डोकावून, इथे कीड लागणार, असं सांगून जात.

परवान्याचं प्रकरण तर विचारू नका. तलावाच्या कार्यालयातल्या साहेबांनी माझा अर्ज एकदा चष्मा लावून आणि एकदा चष्मा काढून वाचला. नाव म्हणजे पाण्यावर तरंगणारी वस्तू, अशी त्यांच्या नियमात व्याख्या होती. ही तरंगते का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तरंगते, पण तो तिचा हेतू नाही. मग बुडते का? बुडते, पण परत येते. बुडालेल्या नावेसाठी आमच्याकडे वेगळा अर्ज आहे, साहेब म्हणाले, पण तो बुडाल्यानंतर करायचा असतो, आणि तो नातेवाइकांनी करायचा असतो. मी चकरा मारत राहिलो. शेवटी साहेबांना माझी दया आली आणि त्यांनी मला पोहणाऱ्यांच्या यादीत घातलं. परवान्यावर आजही लिहिलेलं आहे: पोहणारा, एक, पोशाखासह. पोशाखाचं वजन टनाच्या वर आहे. पोहणाऱ्याच्या कमरेला दोर बांधलेला असावा आणि त्याने तलावात साबण लावू नये, अशा दोन अटी आहेत. त्यातली दुसरी मी काटेकोर पाळली.

सासरे हे सगळं बाल्कनीतून बघत होते. एके दिवशी मी कमांडरना पाणबुडी समजावून सांगत होतो. दोन्ही कुशींना दोन मोठ्या टाक्या, खालून उघड्या. त्यात हवा आहे तोवर नाव वर. झडप उघडली की हवा सुटते, पाणी शिरतं, नाव खाली. परत यायचं तर सिलिंडरमधली दाबलेली हवा सोडून ते पाणी हाकलायचं. हे झालं ढोबळ काम. नाजूक काम आतल्या छोट्या टाकीचं, माझ्या गुडघ्याशी असलेल्या. तिच्यात दहा लिटर पाणी मावतं. नाव हलकी वाटली तर हातपंपाने लिटरभर पाणी आत घ्यायचं, जड वाटली तर लिटरभर बाहेर टाकायचं. एक लिटर म्हणजे एक किलो. कमांडरच्या चेहऱ्यावर काही उमटेना. तेवढ्यात मागून आवाज आला.

"म्हणजे पासंग."

सासरे खाली उतरले होते. तराजूचं एक पारडं हलकं असलं की त्याला एखादा खडा किंवा तारेचा तुकडा बांधून काटा मध्यावर आणतात, त्याला पासंग म्हणतात, असं त्यांनी कमांडरना सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जावईबापू, पासंग चोराच्या काट्याला फार लागतो. वजनं खरी असली की थोडक्यात भागतं. वजनं कुणी केली आहेत?"

मी केली आहेत, असं मी म्हणालो. ते वर जाऊन काटा घेऊन आले.

त्यानंतरचे दिवस आमच्या घराने कसे काढले ते आम्हालाच ठाऊक. पाना, पक्कड, स्क्रू, बॅटऱ्या, सीटची गादी, सगळं काट्यावरून गेलं. टाकी ट्रकवर चढवून धर्मकाट्यावर नेली, आणि तिथल्या माणसाला सासऱ्यांनी ड्रायव्हर खाली उतरवून पुन्हा वजन करायला लावलं. शेवटी मी. माझं वजन मी बहात्तर सांगितलं होतं. काट्यावर ते अठ्ठ्याहत्तर भरलं. सासऱ्यांनी टोमॅटोकडे बघतात तसं माझ्याकडे बघितलं. आता हे वजन मोहीम होईपर्यंत वाढताही कामा नये आणि घटताही कामा नये, असं त्यांनी जाहीर केलं. बायको माझ्या पोळ्या मोजू लागली. आई मला चोरून साय देऊ लागली, आणि सासऱ्यांनी पकडल्यावर तेवढी साय माझ्या रात्रीच्या जेवणातून वजा झाली. केस कापायला निघालो तर त्यांनी दारात अडवलं, कारण केस धरून हिशेब झाला होता. ऑफिसात साहेबांनी मला घरी सगळं ठीक आहे ना, असं आडून विचारलं.

पहिल्या चाचणीला नाव बुडालीच नाही. झडप उघडली, टाक्या भरल्या, आणि माझ्या डोक्यावरचा काचेचा घुमट पाण्याबाहेर तसाच्या तसा राहिला. काठावर बरीच मंडळी जमली होती. घुमटात मी, आणि बाहेर मला बघणारी माणसं. एक बाई लहान मुलाला कडेवर घेऊन मला दाखवत होत्या. कमांडरनी वजन वाढवायला नावेवर दगड टाकायची तयारी सुरू केली. बाहेर आल्यावर सासऱ्यांनी एकच विचारलं, घुमट कुणी मोजला होता? मी मोजला होता. म्हणजे त्याच्या काचेचं वजन मोजलं होतं, पण तो स्वतः किती पाणी सारतो ते धरायला विसरलो होतो. सासरे रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नवा हिशेब केला, पोटाखाली लोखंडाच्या पट्ट्या वाढवल्या आणि पुढचा रविवार ठरला.

आणि इथे घरातल्या सगळ्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. आता ही खरंच बुडणार होती. इतके दिवस माझं सगळं हसण्यावारी नेणारी बायको आता हसेनाशी झाली. आईने माझ्या पानात दोनदा वाढलं आणि सासऱ्यांनी ते बघूनही न बघितल्यासारखं केलं. त्यांचं लक्ष जागेवर नाही, असं मला तेव्हा वाटलं.

रविवारी तलावाकडे जाताना ट्रकचं एक टायर बसलं. जवळपास हवा भरायची सोय नव्हती. आपल्याजवळ सिलिंडरभर हवा असताना हातावर हात ठेवून काय बसायचं, असं कमांडर म्हणाले. त्यातली थोडी हवा टायरला दिली. टायरचं पोट किती मोठं असतं, ते मला नंतर कळलं.

काठावर कमांडरनी नावेला दोर स्वतः बांधला. ही नाविकांची गाठ आहे, ती कधी सुटत नाही, असं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. मी आत उतरलो. झाकण लावायच्या आधी सासरे वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "पासंगाच्या टाकीत सहा नको. चारच लिटर भरा."

मी चाट पडलो. सहाचा आकडा त्यांचा होता, तीनदा तपासलेला. हिशेब बदलला का, असं मी विचारलं. चार म्हटलं ना, ते म्हणाले, आणि झाकण लावून टाकलं. त्यांच्या गळ्यात काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण काय ते घाईत कळलं नाही.

झडप उघडली. या खेपेला नाव थांबली नाही. घुमटावरून पाणी चढलं, काठावरची माणसं हिरवी झाली, मग नाहीशी झाली. मी पंप हातात धरून ती मधली जागा यायची वाट बघत होतो, जिथे नाव धड बुडत नाही आणि धड तरंगत नाही. ती जागा बहुधा वाटेत येऊन गेली. खालून मऊ धप्प असा आवाज आला आणि मी तळाच्या चिखलात बसलो. दोनएक पुरुष खोल पाणी असेल, जास्त नाही. पण डोक्यावर ते पुरेसं वाटतं.

मी छोटी टाकी उपसली. चारही लिटर बाहेर गेले. नाव हलली नाही. सिलिंडर उघडला, तो थोडा फुसफुसला आणि थांबला. नावेने नाक जरासं वर केलं आणि पुन्हा चिखलात टेकवलं. ट्रकचं टायर मात्र वर टणक उभं होतं. मग दोराने खूण करायची म्हणून त्याला जोडलेली आतली साखळी ओढली, तर नाविकांची गाठ सुटली आणि दोर माझ्या डोळ्यांदेखत घुमटासमोरून वर निघून गेला.

आता एकच उपाय उरला होता. पोटाखाली लोखंडाची एक जड लादी होती. आतलं चाक फिरवलं की ती सुटून पडते आणि नाव वर उसळते. माझा हात चाकावर गेला आणि थांबला. लादी सोडणं म्हणजे वजन चुकल्याची चारचौघांत कबुली. वर सासरे उभे होते. मी ठरवलं की आधी चूक शोधायची. माझा जीव घाबरला होता, पण माझा मान जास्त घाबरला होता.

टॉर्च शोधायला सीटमागे हात घातला तर हाताला घोंगडी लागली. ती काही यादीत नव्हती. आमच्या पलंगावरची जाड घोंगडी, आत गरम पाण्याचा थर्मास आणि माझ्या सर्दीची औषधं. बायको. तिच्याखाली बिस्किटांचा मोठा डबा, जॅमची बरणी, पिण्याच्या पाण्याची बाटली आणि एक छत्री. आई. पाण्याखाली छत्री. बॅटऱ्यांच्या शेजारी आणखी काहीतरी लाल होतं. आमच्या जिन्यातला आग विझवायचा सिलिंडर, सोसायटीच्या शिक्क्यासकट. कमांडरनी जबाबदारी अंगावर यायला नको म्हणून ठेवला असणार, पण तो एकट्याने जिना उतरवून इथवर आणायचा म्हणजे माणसाला थोडी मायाही लागते.

वजन कमी करायचं म्हणून मी बिस्किटं खायला लागलो. अर्धा डबा संपल्यावर माझ्या लक्षात आलं की बिस्किटं डब्यातून निघाली तरी नावेतून निघालेली नाहीत. ती आता माझ्यात होती आणि मी नावेत होतो. तरी मी आणखी दोन खाल्ली, कारण फार दिवसांनी मला कुणी न मोजता खाऊ देत होतं.

मग पाय लांब केले तर सीटखाली बुटाला काहीतरी मऊ लागलं. ओढून काढलं. तपकिरी मफलर होता, घट्ट गुंडाळलेला. सोडला, तर आत हातोडी. शिक्का ठोकायची. झाकण अडकलं तर आतून ठोकायला म्हणून ठेवलेली, आणि नाव हलली तर माझ्या पायाला लागू नये म्हणून मफलरात गुंडाळलेली. हातोडी हातात तोलून बघितली. दोन किलोला कमी नसेल. सहा नको, चारच भरा.

सगळ्यांनी मला न सांगता काही ना काही ठेवलं होतं. आपल्या मायेचं वजन मोजून तेवढं पाणी कमी करायला सांगणारा मात्र एकच निघाला. बाकीच्यांनी काय ठेवलं ते सासऱ्यांना माहीत नव्हतं, आणि सासऱ्यांनी काय ठेवलं ते कुणालाच. चिखलात बसलेलो असताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणीही नावेतच राहिलं, वजनात काही फरक पडला नाही. मी हातोडी परत मफलरात गुंडाळली, यादीत आधीच तोललेल्या माझ्या डब्याच्या पिशवीत तळाशी ठेवली, आणि चाक फिरवलं.

नाव बुचासारखी वर आली. झाकण उघडून मी काठाकडे बघितलं. कमांडरच्या हातात मोकळा दोर होता आणि त्यांचा चेहरा टोपीइतका पांढरा पडला होता. आई खाली बसली होती, बायकोने तिचा हात धरला होता. सासरे काठावर नव्हते. ते पाण्यात होते, कमरेइतक्या, बुटांसकट, शर्ट-पँट सगळं भिजलेलं. त्यांना पोहता येत नाही. मी त्यांच्याकडे बघितलं, तसे ते वळले आणि बूट चिखलातून उपसत काठाकडे चालू लागले.

"लादी सोडलीत," पाठमोरेच म्हणाले. "हिशेब चुकला."

काठावर आल्यावर त्यांनी ओल्या कपड्यांनीच काटा मांडला. एकेक वस्तू बाहेर आली आणि एकेक माणूस खाली बघू लागला. घोंगडी तोलली गेली, डबा तोलला गेला, छत्रीसुद्धा. आग विझवायच्या सिलिंडरच्या वेळी कमांडर टोपी काढून डोकं पुसत राहिले. बायको म्हणाली की तिला वाटलं, एका घोंगडीने काय होतंय. आईलाही तसंच वाटलं होतं. सासरे कुणाला रागावले नाहीत, फक्त काट्यावरचे आकडे मोठ्याने वाचत गेले.

मग कमांडरना आपल्या सिलिंडरवरून लोकांचं लक्ष हटवायचं होतं म्हणून की काय, त्यांनी विचारलं, "आणखी कुणाचं काही होतं का हो आत?"

सासऱ्यांचा हात काट्यावर तसाच राहिला. त्यांनी वर बघितलं नाही. गळा मोकळा होता, आणि वारा सुटला होता.

"नाही," मी म्हटलं. "बाकी माझंच वजन. आईने दोनदा वाढलं होतं."

काटा तिथेच होता. मी तिथेच होतो. एरवी त्यांनी मला त्याच्यावर उभं केलं असतं. मी तर बूट काढायलाही वाकलो होतो.

"असू दे," सासरे म्हणाले. "असेल." आणि त्यांनी काटा आवरून ठेवला.

घरी परतताना ते ट्रकमध्ये पुढे, माझ्या शेजारी बसले. बायकोने घोंगडी त्यांच्या पायांवर टाकली होती. माझी पिशवी माझ्या मांडीवर होती आणि रस्त्यातल्या खड्ड्यांत आतलं जड काहीतरी माझ्या गुडघ्याला लागत होतं. ते त्यांना ऐकू येत असणार.

"पुढच्या खेपेला पासंगाची टाकी जरा मोठी करा," ते म्हणाले. "आपली माणसं काही ना काही ठेवणारच. ते धरूनच चालायचं."

किती मोठी करू, असं मी विचारलं.

त्यांनी मनातल्या मनात घोंगडी, डबा, सिलिंडर सगळं जमेला धरलं असणार, कारण उत्तर यायला वेळ लागला.

"पंधरा लिटर तरी," ते म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "नाही, सतरा करा." आणि गळ्याशी हात नेऊन त्यांनी तिथे नसलेला मफलर सारखा केला.